उलटं आवतण

दर रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात, ज्या काट्यावर साखरेची पोती चढवतात त्या काट्यावर, माझ्या मुलाचं वजन व्हायचं. तो तेव्हा नववी-दहावीत असेल. बघायला निम्मी गल्ली जमायची. परीक्षेत मार्क किती पडले हे त्याला कुणी कधी विचारलं नाही. काटा किती दाखवतो ते मात्र पेपर टाकणाऱ्यालाही ठाऊक असायचं. आकडा वाढला की दुकानदार अण्णा त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे आणि माझे सासरे मिशीवरून हात फिरवत घरी यायचे. कुस्ती मारल्यासारखा थाट असायचा त्यांचा.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. तरुणपणी ते मातीतले नावाजलेले पैलवान. कोल्हापुरात हे सांगायला फार काही लागत नाही, मातीत रगडून चुरगळलेले कान बघितले की कळतं. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कुस्तीचं वारंसुद्धा लागलं नाही. तो आयटीआय करून शिरोलीच्या एका फौंड्रीत चिकटला आणि तिथंच रमला. आबांनी त्याला बोलून दाखवलं नाही, पण नातू झाला तेव्हा त्यांनी आधी त्याचे खांदे चाचपले, मग तोंड बघितलं. मी बाळंतिणीच्या खाटेवरून पाहिलंय.

पैलवान पोसणं हे एका घराचं काम नव्हे. समोरच्या गवळ्याकडून सकाळ-संध्याकाळ म्हशीचं दूध यायचं, तेही धार काढल्या काढल्या. अण्णांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, पण आमच्या पैलवानासाठी लोणी कढवून तूप त्याच करायच्या. पलीकडे गादीवाल्यांचं घर, तिथल्या चाची खारीक-खोबऱ्याचा डबा रिकामा होऊ द्यायच्या नाहीत. थंडाईचे बदाम आबा स्वतः वाटायचे, त्या पाट्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. पोरगं आमचं, पण त्याच्या अंगावरचं मांस गल्लीचं, असा सगळा मामला होता. आणि मी खानावळवाली! बी.ए. होऊन या घरात आले आणि सासूबाईंच्या मागं खानावळ माझ्या गळ्यात पडली. पडली म्हणते खरी, पण माणसं पोटभर जेवताना बघण्यासारखं सुख नाही. घरच्या पोराच्या ताटात मी हात आखडता घेईन हे शक्यच नव्हतं.

अकरावीत तो छात्रसेनेच्या कॅम्पला गेला. दहा दिवसांत उन्हानं काळा होऊन आला आणि जेवताना म्हणाला, मला खडकवासल्याला जायचंय. मला वाटलं मित्रांबरोबर धरण बघायला जायचं असेल, जा की, म्हटलं. मग त्यानं नीट सांगितलं. तिथली लष्करी अकादमी, बारावीनंतरचा प्रवेश, आधी लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी, आणि पुढं अधिकारी. हे सगळं त्यानं भात कालवत सांगितलं, पण त्याचा आवाज रोजचा नव्हता. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि आम्ही दोघांनी आबांकडं. आबांनी हातातला घास संपवला, पाणी प्याले आणि म्हणाले, "फौजेत कुस्ती असती की." झालं, परवानगी मिळाली.

आमच्या घरात अभ्यासाची परंपरा म्हणाल तर माझी बी.ए. आणि नवऱ्याचं आयटीआय. गणितात पोरगं कच्चं होतं. खानावळीत मेंबर म्हणून जेवायला येणारा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी होता, त्याला मी सरळ विचारलं. तो दुपारच्या पंगतीनंतर तासभर थांबायला लागला. मी त्याच्या वाटीत रस्सा कमी पडू दिला नाही. इंग्रजीचं वेगळंच तंत्र झालं. वाढता वाढता पोरानं इंग्रजी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचायची आणि जेवणाऱ्यांनी चुका काढायच्या. आमच्याकडं जेवायला बँकेतले साहेब येतात, ट्रकवाले येतात, कॉलेजची पोरं येतात. बँकेतले साहेब उच्चार सुधारायचे, ट्रकवाले म्हणायचे, आता मराठीत सांग काय झालं ते. ते सांगताना त्याची खरी परीक्षा व्हायची. संरक्षणाचं अंदाजपत्रक एका ट्रक ड्रायव्हरला समजावून सांगताना मी त्याला ऐकलंय. पहिल्या महिन्यात तोतरं बोलणारं माझं पोर वर्षभरात चार माणसांपुढं ताठ उभं राहून बोलायला लागलं. मी भाकरी थापता थापता ऐकायची आणि तव्यावरची करपवायची.

बारावीचं वर्ष सुरू असतानाच लेखी परीक्षा झाली आणि तो पास झाला. गल्लीत पेढे वाटले. बोर्डाची परीक्षा उरकल्यावर बंगळूरला मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि इथं आमच्या लोकांनी गोंधळ घातला.

झालं असं, की आबांनी तालमीच्या कट्ट्यावर सांगितलं, नातवाला फौजेचे डॉक्टर तपासणार आहेत, वजन-उंची सगळं बघणार आहेत. बस्स. गल्लीला एवढंच कळलं, की पोराचं वजन सरकार मोजणार. आजवर गल्लीत झालं ते वजन पोत्यांच्या काट्यावर. आता दिल्लीच्या काट्यावर कोल्हापूरची अब्रू होती. गवळ्यानं दूध वाढवलं. अक्कांनी तुपाची बरणी बदलून मोठी आणली. चाचींनी खारकांच्या जोडीला अंजीर पाठवले. आबांनी बदाम दुप्पट भिजवले. मीही, कशाला खोटं बोलू, रोज रात्री त्याच्या ताटात मटणाची आणखी एक वाटी सरकवत होते. पोरगं पंधरा दिवस मुकाट खात होतं. स्टेशनवर गाडी सुटताना गवळ्यानं खिडकीतून त्याचा दंड दाबला आणि म्हणाला, आता बघू कोण डॉक्टर काय म्हणतोय.

मुलाखतीत तो निवडला गेला. गट चर्चा, दोरखंड-फळ्यांची कामं, साहेबासमोरची मुलाखत, सगळ्यातून. त्याच्या तुकडीतली बहुतेक पोरं घरी परतली आणि हा राहिला. तो फोन आला तेव्हा मी खानावळीतल्या सगळ्यांना त्या दिवशी पैसे न घेता जेवू घातलं. चार-पाच दिवसांनी दुसरा फोन आला. डॉक्टरांनी अपात्र ठरवलं होतं. डोळे, कान, दात, पाय, सगळं उत्तम. वजन जास्त. थोडंथोडकं नव्हे, दहा किलोच्या वर. महिना-दीड महिन्यात पुण्याच्या लष्करी इस्पितळात फेरतपासणी होईल. तिथंही काटा जास्त गेला तर विषय संपला.

तो घरी आला तेव्हा मी चिडलेली होते. माझा राग असा आहे, की आधी भांडी आपटतात आणि मग मी बोलते. तुला माहीत नव्हतं का, मी विचारलं. वजनाचे नियम आधी छापलेले असतात, तू वाचले असशीलच. तो मान खाली घालून उभा होता. एवढा मोठा गडी, पण दारात अडकल्यासारखा.

"माहीत होतं, आई," तो म्हणाला. "पण आबांच्या हातातला पेला परत कसा करू?"

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. जो आजोबा पहाटे उठून स्वतःच्या हातानं बदाम वाटतो, जी शेजारीण आपल्या घरात न शिजणारं अन्न खाणाऱ्या पोरासाठी लोणी कढवते, त्यांना नको म्हणायला आम्ही पोरांना शिकवतच नाही. आमच्या गावात नको म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. तिकडं साहेबासमोर इंग्रजीतून बोललेला माझा मुलगा इथं एका पेल्यापुढं मुका झाला होता.

आबांना हे सगळं पटेचना. ते कितीतरी वेळ एकच विचारत होते, "वजन जास्त म्हणून नापास? जगात असं कुटं असतंय?" नवऱ्यानं समजावलं, की फौजेत पळायला लागतं, चढायला लागतं, उंचीला ठरलेलं वजन असतं. आबा म्हणाले, ते मांस न्हवं, ती कमाई हाय. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं असावं, की कमाई कुणाच्या हातनं झाली. ते उठून आत गेले आणि त्या दिवशी तालमीला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सवयीनं बदाम भिजवलेले आणि आबा त्या वाटीपुढं नुसते बसलेले. मला त्यांचा राग होता, तो तिथल्या तिथं विरघळला.

पण प्रश्न सुटला नव्हता. सकाळचं दूध आलंच. चाचींचा डबा आलाच, वर निरोप, की पोराचं मन खचलं असेल, त्याला जरा जास्त खाऊ घाला. आता काय करावं? एकेकाला फोन करून सांगावं, तर माणसं दुखावणार. पोरानं स्वतः नाही म्हणावं, तर ते त्याला जमत नाही हे सिद्धच झालं होतं. दोन दिवस मी विचार केला. मग माझ्या डोक्यात आलं, की जी गोष्ट रीतीनं चालू झाली ती रीतीनंच बंद केली पाहिजे.

आमच्याकडं जेवायच्या बोलावण्याला आवतण म्हणतात. लग्न असो, बारसं असो, जत्रा असो. घरच्या बाईनं नेसून-सवरून दारोदार जायचं, कुंकू लावायचं, अक्षता द्यायच्या आणि सांगायचं, अमुक दिवशी जेवायला या. असं आवतण दिलेलं मोडत नाहीत. तर मी एका सकाळी खानावळ नवऱ्यावर सोपवली, ठेवणीतलं लुगडं नेसले, करंडा आणि अक्षतांची वाटी घेतली आणि आवतण द्यायला निघाले. उलटं आवतण!

पहिलं घर गवळ्याचं. त्याची बायको मला नटलेली बघून हसतच पुढं आली, काय कार्य काढलंय म्हणून. मी तिला कुंकू लावलं, अक्षता हातात दिल्या आणि म्हटलं, "दीड महिना माझ्या लेकाला कुणी काही खायला घालायचं नाही. एवढं आमच्या घरचं कार्य समजा." ती बघतच राहिली. मग तिनं त्या अक्षता मुठीत घट्ट धरल्या. तिला वाईट वाटलं होतं, दिसत होतं. पण कुंकू लागल्यावर काय बोलणार? दूध आजपासून बंद, म्हणाली, आणि वर विचारलं, ताक चालेल का.

अक्कांकडं जरा वेळ लागला. कानडी हेलात त्यांनी मला पाऊण तास ऐकवलं, की तुपानं कुणी जाड होत नसतं, तुमच्या मटणानंच झालं असेल. ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी बरणी माझ्यासमोर वरच्या फळीवर ठेवली आणि खाली येऊन माझ्याच कपाळाला कुंकू लावलं. चाचींच्या दारात मी करंडा पदराखाली घेतला आणि नुसते हात जोडले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्या एकट्याच होत्या ज्यांना धक्का बसला नाही.

"भुकेला भ्यायचं न्हाई, वैनी," त्या म्हणाल्या. "पण दुपारचं तीन वाजलं की लई अवघड जातंय. आमाला रोज्याची सवय हाय, त्याला न्हाई. त्या येळेला पाठवा त्याला माझ्याकडं. बोलत बसीन."

अशी मी सगळी गल्ली फिरले. तालमीचे वस्ताद, कोपऱ्यावरचा वडापाववाला, चहाचा गाडा, कुणाला सोडलं नाही. आणि घरी येऊन शेवटचं आवतण आबांना. सासऱ्याला घरात कुणी आवतण देत नसतं. मी डोक्यावरून पदर घेतला आणि परक्या घरी उभी राहावी तशी त्यांच्या खाटेपुढं उभी राहिले. जे सगळ्यांना सांगितलं तेच सांगितलं, शब्दसुद्धा बदलला नाही. या घरात आल्यापासून मी त्यांना कधी काही मना केलेलं नव्हतं. आबांनी कपाळ पुढं केलं. मी कुंकवाचं बोट लावलं, वर अक्षता लावल्या.

"दीडच महिना न्हवं?" ते म्हणाले. "मग बदाम हाईतच की."

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. ज्या गल्लीनं त्याला पोसलं होतं तिनंच आता त्याला उपाशी ठेवायचा विडा उचलला, आणि कोल्हापूरकर एखादी गोष्ट मनावर घेतात म्हणजे काय, ते कळलं. तसा तो अगदी उपाशी नव्हता. ओळखीच्या डॉक्टरांना विचारून एक ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, अंडी, ताक, काकडी असं ठरवलं होतं. पण त्याच्या पलीकडं एक शेंगदाणा त्याच्या तोंडात जाणं मुश्कील झालं. वडापाववाला त्याला लांबून बघितलं तरी परातीवर फडकं टाकायचा. एकदा दोन बायका धावत आल्या, की तुमचा पोरगा रंकाळा तळ्यावर काहीतरी चघळताना दिसला. मी चौकशी केली तर काडेचिराईत निघालं, कुणीतरी वजन उतरतं म्हणून सांगितलेलं. त्याचं तोंड दोन दिवस कडू होतं, मी म्हटलं बरं झालं.

पहाटे तो रंकाळ्याला पळायला जायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी बघते, तर माझा नवरा बूट शोधतोय. उभ्या आयुष्यात कधी तालमीत न गेलेला माणूस, दुसरी पाळी करून आलेला, पोराच्या मागनं धापा टाकत पळायला लागला. पहिल्या दिवशी तो अर्ध्या फेरीतच बसला. पण रोज गेला. बापलेक घामाघूम होऊन दारात यायचे आणि मी दोघांना ताकाचे पेले द्यायची. त्या दोघांचं एवढं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

रविवारचं वजन बंद झालं नाही. पहिल्या रविवारी काटा खाली आला. आनंद करायचा की नाही, कुणालाच कळेना. अण्णांचा हात सवयीनं गुळाच्या डब्याकडं गेला आणि परत आला. आबा रस्त्याकडं तोंड करून उभे होते. ज्यानं ते मांस चढवलं त्याला ते उतरताना बघणं किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा जाणवलं. मधले दोन रविवार तर काटा हललाच नाही. पोराचे डोळे आत गेले होते, चिडका झाला होता, पुस्तक समोर धरून नुसता बसायचा. दुपारी चाचींच्या दुकानात कापसाच्या ढिगाशेजारी तो बसलेला असायचा आणि चाची पिंजता पिंजता त्याला त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. सगळ्यांत वाईट तास तिथं निघून जायचा. मला कितीदा वाटलं, पुरे हे, घालावं पोराला पोटभर खायला आणि सांगावं, की जगात इतर नोकऱ्या आहेत. मी बोलले नाही, कारण तो एकदाही बोलला नाही.

तेवढ्यात गवळ्याच्या मुलीचं लग्न आलं. गल्लीत मांडव, कागलचे पावणे, जिलेबीची पंगत. गल्लीतली पोरं वाढायला, त्यात आमचाही. जिलेबीची परात घेऊन तो ओळीनं वाढत चालला होता. जिलेबी त्याला किती आवडते हे मला ठाऊक, म्हणून मी बायकांच्या पंगतीतून त्याच्यावर डोळा ठेवून होते. नवऱ्यामुलाकडचा एक जाडजूड, हसतमुख पावणा पंगतीला बसलेला. त्यानं पोराचं मनगट धरलं. वाढता वाढता वाळून चाललायसा की, म्हणाला, आणि एक जिलेबी उचलून थेट त्याच्या तोंडाजवळ नेली.

आता आली पंचाईत. वरपक्षाच्या माणसानं धरलेला घास नाकारला, तर मुलीच्या बापाची मान खाली. पोरानं गवळ्याकडं बघितलं. गवळ्याचं तोंड उतरलं होतं. त्याच्या एका हातात माझ्या अक्षता आणि दुसऱ्या हातात लेकीचं सासर. आजूबाजूच्या आठ-दहा पानांवरची माणसं जेवायची थांबली. पाक पावण्याच्या मनगटावरून ओघळत होता.

पंगतीच्या टोकाला बसलेले आबा उठून उभे राहिले. जेवणावरून मध्येच उठणं त्यांच्या रीतीत बसत नाही, पण उठले.

"पावणं, हात खाली घ्या," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण तालमीत घुमलेला आवाज तो, मांडवभर गेला. "त्याला खायाला मिळत न्हाई असं न्हाई. त्यो खाईत न्हाई. फौजेत सायब व्हायाचंय त्याला."

पावण्यानं एकदा आबांकडं बघितलं, एकदा पोराकडं, आणि ती जिलेबी स्वतःच्या तोंडात घातली. मग याच्या वाटणीचं मीच खातो, म्हणाला, आणखी चार वाढा. सगळी पंगत हसली. गवळ्यानं धावत जाऊन त्याला चार नव्हे, आठ वाढल्या. मी मात्र आबांकडं बघत होते. वर्षानुवर्षं नातवाच्या खाण्याची फुशारकी मारणारा हा म्हातारा आज भर मांडवात त्याच्या न खाण्याची फुशारकी मारत होता, आणि त्याची छाती तेवढीच पुढं आलेली होती. त्यानंतरच्या रविवारी आबा काट्याकडं तोंड करून उभे राहिले, आणि काटाही हलला.

फेरतपासणीला पुण्याला मी त्याच्याबरोबर गेले. खानावळ दोन दिवस बंद ठेवली. इस्पितळाच्या फाटकाबाहेर झाडाखाली एक बाकडं होतं, तिथं बसले. माझ्यासारखे आणखी आईबाप होते, कुणी लातूरचे, कुणी साताऱ्याचे. कुणाच्या पोराचा दात, कुणाच्या पोराचा कान. माझ्या मुलाचं वजन जास्त आहे असं सांगितलं, तेव्हा साताऱ्याची बाई म्हणाली, कोल्हापूरच्या का? हो म्हटलं. दुपार टळली. माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि गंमत म्हणजे भूकही नव्हती.

तो चालत बाहेर आला. पळत नाही, चालत. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी उठून उभी राहिले.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं? नीट सांग," मी ओरडलेच.

"फिट."

मी तिथंच, त्या फाटकासमोर, सगळ्यांच्या देखत रडले. मला लाज वाटली नाही. त्यानं आबांना फोन लावला. आबांनी दुसरं काही विचारलं नाही, काटा किती दाखवला तेवढंच. यानं सांगितलं. मग आबांनी विचारलं, आणि ताकद? हाय की आबा, हा म्हणाला. मग ठीक हाय, म्हणाले, आणि फोन ठेवला. पाठोपाठ चाचींचा आला, मग अक्कांचा, मग आणखी कुणाकुणाचा.

पुढं यादीत त्याचं नाव लागलं, गल्लीत हलगी कडाडली, आबांनी फेटा बांधला, हे सगळं झालं. पण मला ते बाकडंच आठवतं. फोन संपल्यावर मी पिशवीतून डबा काढला. न विचारता करून आणलेला. सुकं मटण, ज्वारीच्या भाकरी, कांदा. दीड महिन्यानं मी माझ्या लेकाला जेवायला वाढत होते. तो सावकाश जेवला, एकेक घास चावून. एक भाकरी संपली. मी दुसरी काढली, त्याच्या ताटलीत ठेवायला वाकले. त्यानं ताटलीवर तळवा आडवा धरला.

"नको, आई. बास."

आवाज अगदी मऊ होता. माझ्या डोळ्यांत बघून, हसत म्हणाला. अर्धी तरी घे, माझ्यासाठी घे, एवढी लांबून आणलीय, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. खानावळीत मी हेच बोलत म्हातारी होत चाललेय. पण त्याचा तळवा हलत नव्हता. बंदुकीसमोर, बर्फात, अनोळखी माणसांच्या गराड्यात याचं कसं होईल, या काळजीनं दोन वर्षं माझी झोप उडवली होती, आणि ते मी कुणाला बोलले नव्हते. मी भाकरी परत फडक्यात बांधली. आता याला पाठवायला हरकत नाही, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.